अमेरिकेत दावा कुठे लावायचा: स्टेट कोर्टात की फेडरल कोर्टात?

साताऱ्याहून एका काकांनी प्रश्न विचारला आहे. जिल्हा न्यायालयात तीस-बत्तीस वर्षं नोकरी करून ते शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. मुलगा एच-१बी व्हिसावर न्यू जर्सीत, एडिसनला राहतो आणि त्याच्यामागे एकदम तीन प्रकरणं लागली आहेत. जुन्या घरमालकानं ३,६०० डॉलरचं डिपॉझिट परत दिलेलं नाही. आधीच्या कन्सल्टिंग कंपनीनं दोन प्रोजेक्टांच्या मधे चार महिने ‘बेंचवर’ बसवलं आणि त्या काळाचा ३६,००० डॉलर पगार दिला नाही. शिवाय वेगात गाडी चालवल्याचं एक तिकीट आहे. मित्र म्हणतात, “सगळं फेडरल कोर्टात टाक, ते मोठं कोर्ट.” काका विचारतात, “फेडरल कोर्ट म्हणजे आपलं हायकोर्ट समजायचं का? आणि खालच्या कोर्टात हरलो तर अपील फेडरलमध्येच जातं ना?”

काका, दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असं आहे. मी पुण्यात काही वर्षं दिवाणी वकिली करून इथे आले आणि गेली बावीस वर्षं न्यू जर्सीत काम करते आहे. इथे आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं माझ्याही डोक्यात तुमच्यासारखंच चित्र होतं, म्हणून ते कुठे चुकतं हे मला नीट ठाऊक आहे.

आपल्याकडे शिडी एकच. तालुक्याला दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, मग वरिष्ठ स्तर, जिल्हा न्यायालय, त्यावर मुंबई उच्च न्यायालय (तुमच्या साताऱ्याचं काम ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला जातं) आणि शेवटी दिल्ली. कायदा विधानसभेनं केलेला असो की संसदेनं, कोर्ट तेच. तालुक्याचा तोच न्यायाधीश सकाळी राज्याच्या भाडे नियंत्रण कायद्याखालचा दावा चालवतो आणि दुपारी त्याच खुर्चीवर दंडाधिकारी म्हणून बसून केंद्राच्या कायद्याखालचं चेक न वटल्याचं प्रकरण ऐकतो. हा कायदा कोणी केला, हे ठरवायची वेळ तुमच्या फायलिंगच्या टेबलावर कधी आली नसेल.

अमेरिकेत तोच पहिला प्रश्न असतो. इथे शिड्या दोन आहेत आणि त्या शेजारी शेजारी उभ्या आहेत, एकीवर एक नाहीत. देश एक होण्याआधी तेरा वसाहतींची आपापली कोर्टं होतीच. १७८७ साली राज्यघटना लिहिली गेली तेव्हा ती कोणी मोडीत काढली नाहीत. घटनेच्या तिसऱ्या कलमानं फक्त एक सर्वोच्च न्यायालय निर्माण केलं आणि खालची संघीय कोर्टं काढायची की नाही हे काँग्रेसवर, म्हणजे इथल्या संसदेवर सोडलं. काँग्रेसनं १७८९ च्या कायद्यानं ती काढली. राज्यांची कोर्टं जागच्या जागी राहिली आणि बाजूला संघराज्याची नवी उभी झाली. नेवार्क शहरात आजही राज्याचं काउंटी कोर्ट (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) वेगळं आहे आणि फेडरल कोर्ट वेगळं. एकातले न्यायाधीश दुसऱ्यातल्या न्यायाधीशांचे वरिष्ठ नाहीत.

फेडरल शिडी सरळ आहे. तळाला डिस्ट्रिक्ट कोर्टं, देशभरात एकूण ९४. इथे ‘डिस्ट्रिक्ट’ ऐकून तुम्हाला जिल्हा न्यायालय आठवेल, तर तसं नाही. अख्खं न्यू जर्सी राज्य मिळून एकच डिस्ट्रिक्ट आहे आणि त्याची कोर्टं नेवार्क, ट्रेंटन आणि कॅम्डेनला बसतात. कॅलिफोर्निया, टेक्सस, न्यूयॉर्क अशा मोठ्या राज्यांत चार-चार डिस्ट्रिक्ट आहेत. त्यावर अपील कोर्टं १३. न्यू जर्सीची अपिलं फिलाडेल्फियाच्या ‘थर्ड सर्किट’कडे जातात, जिथे सहसा तीन न्यायाधीशांचं पीठ ऐकतं. आणि वर वॉशिंग्टनचं सर्वोच्च न्यायालय. तिथे १८६९ पासून नऊ न्यायमूर्ती आहेत. या तिन्ही पायऱ्यांवरचे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मान्यता देते आणि नेमणूक आयुष्यभराची असते. निवृत्तीचं वय नावाची गोष्टच नाही.

राज्यांच्या शिड्या मात्र पन्नास तऱ्हेच्या. न्यू जर्सीत शहराचं म्युनिसिपल कोर्ट, मग काउंटीत बसणारं सुपिरिअर कोर्ट, त्याचाच अपील विभाग आणि वर सात न्यायमूर्तींचं न्यू जर्सी सर्वोच्च न्यायालय, अशी १९४७ च्या राज्यघटनेनं घालून दिलेली रचना आहे. इथे गव्हर्नर न्यायाधीश नेमतात, पहिली मुदत सात वर्षांची, पुन्हा नेमणूक झाली की सत्तर वर्षं वयापर्यंत. टेक्ससमध्ये न्यायाधीश चक्क पक्षाच्या चिन्हावर निवडून येतात आणि तिथे सर्वोच्च न्यायालयं दोन आहेत, एक दिवाणी आणि एक फौजदारी. न्यूयॉर्कमध्ये ज्याला ‘सुप्रीम कोर्ट’ म्हणतात ते दावा चालवणारं मूळ कोर्ट आहे. तिथलं सगळ्यात वरचं कोर्ट ‘कोर्ट ऑफ अपील्स’, ते आल्बनीला बसतं. क्वीन्समध्ये राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांना घटस्फोटाच्या प्रकरणात ‘सुप्रीम कोर्टा’चं समन्स आलं, तेव्हा प्रकरण थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं असं समजून ते रात्रभर जागे होते. त्यांच्या फोनमुळे मला कळलं की नावांचा हा घोळ किती छळतो. म्हणून समन्स आलं की नाव वाचून घाबरू नका, वर ‘स्टेट ऑफ…’ किंवा ‘काउंटी ऑफ…’ लिहिलंय की ‘युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट’ लिहिलंय ते बघा. कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, दाखल करायची मुदतसुद्धा त्यावर ठरते. फेडरलमध्ये २१ दिवस, न्यू जर्सीच्या सुपिरिअर कोर्टात ३५.

आता तुमचा दुसरा प्रश्न, अपिलाचा. राज्याच्या कोर्टात हरलात तर अपील राज्याच्याच शिडीनं वर जातं. फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्ट राज्याच्या निकालावर अपील ऐकू शकत नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं राज्याच्या कायद्याचा जो अर्थ लावला तो अंतिम. वॉशिंग्टनचं कोर्टही तो बदलू शकत नाही. १८७५ च्या मर्डॉक विरुद्ध मेम्फिस या खटल्यापासून ही गोष्ट पक्की आहे. दोन्ही शिड्या भेटतात ती जागा एकच. राज्याच्या शेवटच्या कोर्टानं दिलेल्या निकालात संघीय कायद्याचा किंवा देशाच्या राज्यघटनेचा प्रश्न गुंतलेला असेल, तर आणि तरच वॉशिंग्टनला दार वाजवता येतं. तेही नुसतं वाजवता येतं. आपल्या राज्यघटनेच्या कलम १३६ खाली अपिलासाठी सर्वोच्च न्यायालयाकडे मागायच्या विशेष परवानगीसारखीच ही गोष्ट आहे, पण फार कडक. नऊपैकी चार न्यायमूर्तींना प्रकरण ऐकावंसं वाटलं पाहिजे. दरवर्षी हजारो अर्ज जातात आणि सविस्तर सुनावणी साधारण साठ-सत्तर प्रकरणांची होते. त्यामुळे “वॉशिंग्टनपर्यंत जाईन” असं कोणी अशील रागानं म्हणतं, तेव्हा मी त्यांना हे आकडे शांतपणे सांगते.

अपिलाबद्दल आणखी एक फरक तुमच्या लक्षात आणून देते, कारण तुम्ही पहिल्या अपिलांची रेकॉर्डं बांधली असतील. आपल्याकडे पहिल्या अपिलात पुरावा पुन्हा तपासला जातो, वस्तुस्थितीवरही निष्कर्ष बदलतात. इथे वस्तुस्थिती ठरवणं हे मूळ कोर्टाचं, बऱ्याचदा ज्युरीचं, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेल्या पंचांचं काम. आपल्याकडे नानावटी खटल्यात ज्युरीनं दिलेला निर्णय उच्च न्यायालयानं उलटवला, ते तुम्हाला आठवत असेल. इथे फौजदारी खटल्यात ज्युरीनं ‘निर्दोष’ म्हटलं की सरकारला अपीलच नाही. दिवाणीतही साक्षीदार खरा की खोटा, हे वरचं कोर्ट सहसा पुन्हा ठरवत नाही. ते फक्त कायदा चुकला का ते बघतं. म्हणून मूळ कोर्टात जे कागद दाखल झाले नाहीत, जो साक्षीदार आला नाही, त्याची भरपाई अपिलात होत नाही. “खाली काहीही होऊ दे, वर बघू” ही सवय इथे फार महाग पडते.

मग फेडरल कोर्टात जायचं कोणी? त्याला मुख्य दोन दारं आहेत. पहिलं, दावा संघीय कायद्याखाली उभा राहत असेल तर. दुसरं, वादी आणि प्रतिवादी वेगवेगळ्या राज्यांचे नागरिक असतील, किंवा एक बाजू परदेशी नागरिक असेल, आणि रक्कम ७५,००० डॉलरपेक्षा जास्त असेल तर. परक्या राज्याच्या माणसाला स्थानिक कोर्टात पक्षपाताची भीती वाटू नये, हा दुसऱ्या दाराचा जुना हेतू.

पहिल्या दाराची एक गोष्ट मी प्रत्येक नव्या वकिलाला सांगते. केंटकीत मॉटली नावाचं जोडपं १८७१ साली रेल्वे अपघातात जखमी झालं. तडजोडीत रेल्वे कंपनीनं त्यांना आयुष्यभराचा फुकट पास दिला. १९०६ मध्ये काँग्रेसनं फुकट पासांवर बंदी घालणारा कायदा केला आणि कंपनीनं पास बंद केला. मॉटली फेडरल कोर्टात गेले. तिथे जिंकलेही. पण सर्वोच्च न्यायालयानं १९०८ मध्ये स्वतःहून सांगितलं की दावा मुळात चुकीच्या कोर्टात लागला. कारण मॉटलींचा दावा करार मोडल्याचा, म्हणजे राज्याच्या कायद्याखालचा. संघीय कायदा येणार तो कंपनीच्या बचावात. दार दाव्यात दिसलं पाहिजे, कैफियतीत नव्हे. बिचारे पुन्हा केंटकीच्या राज्य कोर्टात गेले, तिथे जिंकले, तिथून संघीय प्रश्नावर प्रकरण पुन्हा वॉशिंग्टनला आलं आणि १९११ मध्ये ते हरले. दोन्ही शिड्या चढून झाल्या, आणि पास गेला तो गेलाच.

दुसऱ्या दाराशी माझी स्वतःची चूक झाली होती, ती लिहिते. माझा एक अशील ग्रीन कार्डधारक, घर न्यू जर्सीत. प्रतिवादी न्यू जर्सीचा नागरिक. रक्कम लाखाच्या वर. माझं गणित असं की अशील भारतीय नागरिक आहे, समोरचा अमेरिकन आहे, म्हणजे नागरिकत्व वेगळं, दार उघडं. मी दावा नेवार्कच्या फेडरल कोर्टात लावला. आठ महिन्यांनी न्यायाधीशांनी विचारलं, “वादी कायमचे रहिवासी आहेत ना, आणि राहतात याच राज्यात?” कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे की ग्रीन कार्डवाला ज्या राज्यात स्थायिक असेल त्या राज्याच्या नागरिकाविरुद्ध त्याला हे दार उघडत नाही. दावा त्याच दिवशी निकाली निघाला. मुदत शिल्लक होती म्हणून सुपिरिअर कोर्टात पुन्हा दाखल करता आला, नाहीतर त्या माणसाचा हक्क माझ्यामुळे बुडाला असता. ती आठ महिन्यांची त्याची तगमग मी विसरलेले नाही. विशेष म्हणजे तोच अशील एच-१बीवर असता तर दार उघडलं असतं, कारण ती बंदी फक्त कायमच्या रहिवाशांना आहे.

तुम्हाला हे तत्त्व नवीन नाही. ज्या कोर्टाला अंगभूत अधिकारक्षेत्र नाही त्याला ते पक्षकारांच्या संमतीनं मिळत नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९५४ मध्येच सांगितलंय. इथल्या फेडरल कोर्टात ते रोजच्या रोज, पहिल्या पानापासून तपासलं जातं. कोणी हरकत घेतली नाही तरी, अपिलातसुद्धा.

आणखी एक गैरसमज. या दुसऱ्या दारानं फेडरल कोर्टात गेलं म्हणजे वेगळा, चांगला कायदा लागतो असं नाही. १९३८ च्या ईरी रेलरोड खटल्यापासून नियम असा की अशा दाव्यात फेडरल न्यायाधीशही राज्याचाच कायदा लावतो. कोर्ट आणि कामकाजाचे नियम बदलतात, हक्क बदलत नाहीत.

आता मुलाची तीन प्रकरणं घेऊ.

डिपॉझिटचं सगळ्यात सोपं. न्यू जर्सीच्या कायद्यानं घरमालकाला दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही आणि घर सोडल्यावर ३० दिवसांत हिशोबासह परत द्यावं लागतं. विनाकारण अडवलं तर दुप्पट. हा संपूर्ण राज्याचा कायदा, त्यामुळे राज्याचं कोर्ट. स्मॉल क्लेम्सची मर्यादा ५,००० डॉलर आहे आणि दुप्पट रक्कम होते ७,२००. म्हणजे एकतर वरची रक्कम सोडायची, नाहीतर त्याच कोर्टाच्या ‘स्पेशल सिव्हिल पार्ट’मध्ये दावा लावायचा, तिथे मर्यादा २०,००० आहे. मी दुसरं सुचवेन. घर सोडतानाचे फोटो, व्हिडिओ, घरमालकाला नवा पत्ता कळवल्याचा मेसेज, हे सगळं त्यानं आत्ताच एका ठिकाणी ठेवावं. वकील न घेताही हे प्रकरण चालवता येतं. फक्त हुकूमनामा मिळणं आणि पैसे हातात पडणं यांत तुमच्या दरखास्तीसारखाच, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा, टप्पा इथेही असतो, आणि तिथे कोर्टाचा अधिकारी बँक खात्यावर जप्ती आणतो.

तिकीट एडिसनच्या म्युनिसिपल कोर्टात जाईल. म्युनिसिपल न्यायाधीश शहर नेमतं, तीन वर्षांसाठी. तिथे सरकारी वकिलाशी बोलून आरोप बऱ्याचदा ‘अनसेफ ड्रायव्हिंग’वर आणला जातो. पहिल्या दोन वेळा त्याचे लायसन्सवर दोषाचे पॉइंट लागत नाहीत, पण दंडाबरोबर २५० डॉलरचा अधिभार भरावा लागतो. निकाल मान्य नसेल तर २० दिवसांत सुपिरिअर कोर्टात अपील. तारखेला गैरहजर राहू नये, एवढं मात्र त्याला बजावून सांगा.

या म्युनिसिपल कोर्टाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे आपल्या मुलांचं सगळ्यात मोठं नुकसान होतं आणि ते होताना कोणाच्या लक्षात येत नाही. दुकानातून दोनशे डॉलरच्या आतली वस्तू उचलल्याचा आरोप असेल तर तो याच छोट्या कोर्टात चालतो. शिकायला आलेली बावीस-तेवीस वर्षांची मुलगी असते, पाच मिनिटांत प्रकरण मिटवायला ‘गिल्टी’ म्हणते, दंड भरते, घरी जाते. राज्याच्या शिडीवर ते प्रकरण तिथेच संपतं. पण व्हिसा हा संघराज्याचा विषय आहे. तिकडे चोरीची कबुली हा नैतिक अधःपतनाचा गुन्हा म्हणून धरला जाऊ शकतो आणि पुढच्या व्हिसाच्या, ग्रीन कार्डच्या अर्जात आडवा येतो. १६० डॉलरच्या जॅकेटपायी व्हिसा अडकल्याचे आई-वडिलांचे फोन मी नाशिकहून, पुण्याहून घेतले आहेत, आणि तेव्हा करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. २०१० च्या पडिया विरुद्ध केंटकी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कबुलीमुळे देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका असेल तर फौजदारी वकिलानं अशिलाला तो सांगितलाच पाहिजे. त्या खटल्यातला माणूस चाळीसहून जास्त वर्षं कायदेशीररीत्या या देशात राहत होता, व्हिएतनाम युद्धात लढला होता. पण मुळात वकीलच घेतला नाही, तर तो सल्ला देणार कोण? तेव्हा अमेरिकेचे नागरिक नसलेल्या कोणावरही फौजदारी आरोप आला, कितीही किरकोळ असला, तरी कबुलीआधी इमिग्रेशन जाणणाऱ्या वकिलाला विचारा.

आणि इमिग्रेशन कोर्ट हे वर सांगितलेल्या दोन्ही शिड्यांवर नाही. नाव कोर्ट असलं तरी ते न्याय खात्याचा भाग आहे, म्हणजे कार्यकारी शाखेचा. तिथले न्यायाधीश आयुष्यभरासाठी नेमलेले नसतात आणि वकील परवडत नसेल तर सरकारी खर्चानं मिळेल असा हक्क तिथे नाही. फौजदारी खटल्यात तो हक्क आहे. १९६३ च्या गिडियन खटल्यानं राज्यांच्या कोर्टांनाही तो बंधनकारक केला. इमिग्रेशन न्यायाधीशाच्या निकालावर त्याच खात्याच्या मंडळाकडे अपील होतं आणि त्यानंतरच फेडरल अपील कोर्टाचं दार येतं. मधलं डिस्ट्रिक्ट कोर्ट या वाटेवर साधारणपणे लागतच नाही.

पगाराचं प्रकरण सगळ्यात गुंतागुंतीचं, आणि मित्र म्हणतात ते इथे थोडंसं खरं आहे. दुसरं दार बंद आहे, कारण ३६,००० डॉलर ७५,००० च्या खूप खाली. पण पहिलं दार उघडू शकतं. पगार अजिबात दिला नाही म्हणजे संघीय किमान वेतन कायदाही मोडला, असा दावा उभा करता येऊ शकतो. तो दावा फेडरल कोर्टात लावता येतो आणि त्याला जोडून राज्याच्या वेतन कायद्याखालचा व कराराचा दावाही तिथे चालवता येतो. उलट हे सगळं राज्याच्या कोर्टातही लावता येतं, दोघांनाही अधिकार आहे. मात्र दाव्यात संघीय कायद्याचा एक परिच्छेद जरी टाकलात, तरी कंपनी ३० दिवसांत नुसती नोटीस दाखल करून प्रकरण फेडरल कोर्टात उचलून नेऊ शकते. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ सारखा दावा दुसऱ्या कोर्टात वर्ग करण्याचा अर्ज नाही, सुनावणी नाही, परवानगी नाही; नोटीस पडली की राज्याच्या कोर्टाचं काम थांबतं. मोठ्या कंपन्यांचे वकील हे जवळपास सवयीनंच करतात.

मी त्याच्या जागी असते तर फक्त राज्याच्या कायद्यावर उभी राहिले असते. न्यू जर्सीच्या वेतन कायद्यात मुदत सहा वर्षांची आहे; संघीय कायद्यात दोन, आणि जाणूनबुजून मोडला असेल तर तीन. रक्कम २०,००० च्या वर असल्यानं हा दावा सुपिरिअर कोर्टाच्या लॉ डिव्हिजनला जाईल.

पण त्याआधी दोन गोष्टी. एच-१बीवरच्या माणसाला कंपनीनं स्वतःच्या सोयीसाठी बेंचवर बसवलं तरी ठरलेला पगार द्यावाच लागतो. या नियमासाठी ठरलेला मार्ग कोर्ट नव्हे, तर संघीय कामगार खात्याच्या ‘वेज अँड अवर’ विभागाकडे तक्रार हा आहे, आणि तिची मुदत फक्त १२ महिने. ही तारीख आधी मोजा. दुसरं, त्याच्या ऑफर लेटरमध्ये किंवा करारात लवादाचं कलम असेल तर दोन्ही शिड्या बाजूला राहतील आणि लवादापुढे जावं लागेल. १९२५ च्या संघीय लवाद कायद्यामुळे कोर्टं असं कलम सहसा मोडत नाहीत. म्हणून कराराची शेवटची चार-पाच पानं, जी आपण कोणीच वाचत नाही, ती त्याला मला पाठवायला सांगा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण हे वाचणाऱ्या अनेकांना लागेल म्हणून घटस्फोटाबद्दल लिहिते. घटस्फोट, मुलांचा ताबा, मृत्युपत्राचं प्रोबेट (ते कोर्टातून सिद्ध करून घेणं), हे फक्त राज्याच्या कोर्टाचं काम. नवरा-बायको दोन राज्यांत असले आणि रक्कम लाखोंची असली तरी. आणि इथला हुकूमनामा भारतात आपोआप चालत नाही. १९९१ च्या नरसिंह राव खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं मिसुरी राज्याच्या कोर्टानं दिलेला घटस्फोट मानला नाही. लग्न तिरुपतीला हिंदू पद्धतीनं झालेलं, बायकोनं तिथल्या कोर्टाचा अधिकार मान्य केलेला नव्हता. नवऱ्यानं अमेरिकेत मिळवलेल्या कागदावर महाराष्ट्रातल्या सुनेनं घाबरून सही करू नये. अमेरिकेच्या पैशाच्या हुकूमनाम्याचीही भारतात थेट दरखास्त लागत नाही, कारण आपल्या सरकारनं हा देश परस्पर अंमलबजावणीच्या यादीत घेतलेला नाही. त्या हुकूमनाम्याच्या आधारे नवा दावा लावावा लागतो.

शिड्या वेगळ्या असल्या तरी एकीचा निकाल दुसरीला मानावा लागतो, याचं एक उदाहरण मला फार प्रिय आहे. सखाराम गणेश पंडित, हे नाव वाचूनच मी ते प्रकरण पहिल्यांदा उघडलं होतं. त्यांना १९१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या काउंटी सुपिरिअर कोर्टानं, म्हणजे राज्याच्या कोर्टानं, अमेरिकन नागरिकत्व दिलं. तेव्हा राज्याची कोर्टंही ते काम करत. १९१७ मध्ये ते कॅलिफोर्नियात वकील झाले. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय माणूस ‘गोरा’ नसल्यानं नागरिक होऊ शकत नाही असं ठरवलं. थिंड यांचे वकील पंडितच होते. त्यानंतर सरकारनं भारतीयांची आधी दिलेली नागरिकत्वं काढून घ्यायला सुरुवात केली आणि पंडितांवरही फेडरल कोर्टात दावा लावला. पंडितांचं म्हणणं असं की १९१४ मध्ये सरकारनं हजर राहून विरोध केला होता, हरलं होतं आणि अपील केलं नव्हतं. तोच प्रश्न आता पुन्हा काढता येणार नाही. आपल्या संहितेतलं कलम ११, पूर्वन्याय. ते डिस्ट्रिक्ट कोर्टात जिंकले, १९२६ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टात जिंकले आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारचा अर्ज ऐकायला नकार दिला. एका काउंटी कोर्टाच्या जुन्या हुकुमानं अख्ख्या संघ सरकारला अडवलं. ज्यानं आयुष्यभर रोजनामे आणि हुकूमनामे जपून ठेवले, त्या माणसाला हे सांगताना मला खरंच आनंद होतो.

शेवटी तुम्ही विचारलंत की मुलाकडे आलात तर इथलं कोर्ट आत जाऊन बघता येईल का. अवश्य येईल. सुनावण्या खुल्या असतात. मिडलसेक्स काउंटीचं सुपिरिअर कोर्ट न्यू ब्रन्सविकला आहे, एडिसनहून जवळ. काही सुनावण्या आता ऑनलाइन होतात, म्हणून ज्युरीचा खटला चालू असेल असा दिवस आधी विचारून घ्या. दारावर तपासणी होते, फोन बंद ठेवा, मागच्या बाकावर बसा. न्यायाधीशांच्या बाजूला, थोड्या खालच्या टेबलावर कोर्टाचा कर्मचारी बसलेला दिसेल, समोर फायलींची चळत आणि नोंद करत असलेला. ती जागा तुम्हाला लगेच ओळखू येईल.